हयातीच्या दाखल्यासोबत

३ नोव्हेंबर, वर्ष पहिलं

माजी नवरोबांस,

नमस्कार वगैरे काही नाही. करारातल्या अटीप्रमाणे माझ्या हयातीचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरीणबाईंची सही आणि शिक्का खाली उजव्या कोपऱ्यात आहे, नीट बघून घे. ‘वर उल्लेखलेली व्यक्ती आज रोजी माझ्यासमोर जिवंत हजर होती’ असं त्यांनी लिहून दिलंय. सही करताना विचारत होत्या, “हे कशाला लागतं हो तुम्हाला? पेन्शन आहे का?” मी म्हटलं, “नाही, नवरा आहे. म्हणजे होता.”

मी तुला आता अरे-तुरे करणार आहे. एकोणीस वर्षं अहो-जाहो केलं, तेवढं पुरे झालं. वर्षभरात बऱ्याच गोष्टींवरचा खर्च मी कमी केला, त्यात हाही आला. आणि नुसता दाखला पाठवायचा सोडून हे पत्र कशाला, असं म्हणू नकोस. दाखल्यासोबत पत्र जोडू नये असं करारात कुठे लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी सह्या झाल्या त्या दिवशी तुझ्या वकिलाच्या ऑफिसातून मी आधी निघाले होते. तुला वाटलं मी केव्हाच रस्त्याला लागले. पण लिफ्ट बंद होती. तीन मजले उतरायचे होते आणि एका मजल्यातच मला दम लागला. उतरताना दम लागणारी बाई होते मी तेव्हा. जिन्याच्या वळणावर फायली ठेवायचं एक मोडकं कपाट आहे ना, त्याच्या आड पायरीवर बसले. तेवढ्यात तुम्ही दोघे वरच्या कठड्याशी सिगरेट ओढायला आलात. तुझा वकील म्हणाला, “एकरकमी देऊन मोकळे झाला असतात तर बरं नव्हतं का?”

तू म्हणालास, “सहा वर्षं. फार ओढलं तर सात. शुगर आहे, ब्लडप्रेशर आहे, वजन बघितलंत ना? तिची आई बावन्नाव्या वर्षी गेली. महिन्याचंच स्वस्त पडतं.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी विसरूनही गेले असते. तो तुझा ऑफिसातला आवाज होता. विमा कंपनीत बसून कोण किती जगेल याचा अंदाज बांधायचा, हा तुझा पोटापाण्याचा उद्योग. आजवर परक्या माणसांचे अंदाज बांधलेस, मग एक घरच्या माणसाचाही बांधून टाकलास.

मग मला एकेक उलगडत गेलं. एकरकमी देण्याऐवजी ‘ती हयात असेपर्यंत दरमहा’ हे तू इतक्या पटकन कसं कबूल केलंस. दर तीन वर्षांनी वाढ द्यायलाही कसा तयार झालास. माझा वकील तर हरखून गेला होता, म्हणत होता माणूस मनाचा मोठा दिसतो. आणि दर नोव्हेंबरात डॉक्टरांचा दाखला हवा, ही अट तू हट्टाने घालून घेतलीस. का, तर मी गेल्यावर माझ्या नावाने कुणी एक महिनाही फुकट खाऊ नये.

मी त्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. रडले नाही. थोडं रडले असेन, पण ते दमामुळे. आणि तिथेच ठरवलं, या माणसाला मी पुरून उरेन.

त्या संध्याकाळी मी काही थोर केलं नाही. घरी येऊन बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. दुसऱ्या दिवशी मात्र उठल्या उठल्या तुझा आवाज आठवला आणि चहात अर्धा चमचा साखर कमी घातली. महिन्याभराने आणखी अर्धा. आता बिनसाखरेचा पिते. आधी घशाखाली उतरत नव्हता, पण तुझं तोंड डोळ्यांसमोर आणलं की काहीही गिळता येतं.

कपडे लहान-मोठे करून देण्याच्या दुकानात नोकरी धरली आहे. बसने जाते, पण एक थांबा आधी उतरते. पहिल्या आठवड्यात त्या एका थांब्याएवढ्या अंतरात दोनदा दुकानांच्या पायऱ्यांवर बसावं लागलं. आता बसत नाही. तू हप्त्यांवर घेतलेला सोफा विकला आणि त्या पैशात त्याचेच उरलेले हप्ते फेडले. दोन खुर्च्या ठेवल्यात. खुर्चीत माणसाला लोळता येत नाही, हा तिचा गुण. क्रेडिट कार्ड दुकानातल्या कात्रीने कापलं. मालकीणबाई ओरडल्या, कारण ती कात्री फक्त कापडाची आहे.

तुझी रक्कम दर महिन्याला येते तशी मी मुदतठेवीत टाकते. राहते, खाते, औषधं घेते ते माझ्या पगारात. तुझ्या पैशाचा मी चहासुद्धा पीत नाही, कारण तो पैसा मला आजच नको आहे. मला तो पुष्कळ वर्षं हवा आहे.

पत्राला घडी घालून दुकानातली टाचणी लावली आहे. उघडताना बोटाला टोचली तर टोचू दे.

वर उल्लेखलेली


५ नोव्हेंबर, वर्ष दुसरं

माजी नवरोबांस,

दाखला सोबत. या वेळी डॉक्टरीणबाईंनी तो हसत हसत लिहिला. ब्लडप्रेशरची एक गोळी त्यांनी बंद केली आणि दुसरी अर्धी केली. तुझ्या अंदाजातलं एक कलम ढिलं झालं म्हणायचं. ऑफिसात बसून हे वाचताना तुझी डावी भुवई वर गेली असेल. आकडा जुळला नाही की ती जाते. इतक्या लांबून मला दिसते ती.

तू उत्तर दिलं नाहीस. नको देऊस. पत्र फाडून टाकलं असशील तरी आधी वाचलं असणार, तेवढं मला पुरतं.

आता दुकानापर्यंत सगळा रस्ता चालत जाते, येताना बस. डबा घरून नेते. आधी मी दुपारी कोपऱ्यावरून तळलेलं काहीतरी आणायची आणि वर गोड. त्यात पैसे जात होते आणि त्यानेच पुन्हा औषधांचं बिल वाढत होतं. म्हणजे एकाच पोटासाठी मी दोनदा पैसे मोजत होते. हे मला कुणी शिकवलं नाही. महिनाअखेरीला पाकिटात पैसे उरलेले दिसले, तेव्हा कळलं.

आमच्या धंद्यात माणसांची पोटं आम्हाला सगळ्यांत आधी कळतात. डॉक्टरच्याही आधी. लोक कमरेत सैल करायला कपडे आणतात आणि सांगतात की धुतल्यावर आटले. आम्ही मान डोलावतो. एवढे कपडे आटत असते तर जगातल्या गिरण्या बंद पडल्या असत्या. मी स्वतःचे चार कुर्ते कमरेत आत घेतले. मालकीणबाई म्हणाल्या, “नवीन शिव ना सरळ.” मी म्हटलं, “नाही. हेच घालायचेत. मला दर वेळी शिवण दिसायला हवी.”

परवा वन्सं येऊन गेल्या. तुझी सख्खी बहीण, पण काडीमोड तुझा-माझा झाला, त्यांचा-माझा नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या. तुझी ती ऑफिसवाली फार छान दिसते आणि घरात स्वयंपाक होत नाही, सगळं बाहेरून येतं, असंही म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

वेळ कसा जातो, असं विचारत होत्या. छान जातो. रविवारी नदीकाठाने लांबवर चालत जाते. संध्याकाळी लवकर जेवते आणि लवकर झोपते, रात्री जागून टीव्हीसमोर काहीतरी तोंडात टाकत बसत नाही. फक्त रविवारी परत आल्यावर अजून कधी कधी चहाचं आधण दोन कपांचं ठेवलं जातं. सवय आहे, बाकी काही नाही. दुसरा कप मी झाडाला घालते. ते झाडही आता बिनसाखरेचं पितं.

जिवंत आणि हजर


२ नोव्हेंबर, वर्ष चौथं

माजी नवरोबांस,

दाखला सोबत. पहिली वाढ मिळाली. बँकेच्या खात्यात तो नवा आकडा बघितला आणि त्या दिवशी मी दुकानातल्या सगळ्यांना सफरचंदं वाटली. काय विशेष, विचारलं तेव्हा म्हटलं, “एक माणूस चुकीचा ठरतोय, हळूहळू.”

तुला कळवायला आनंद वाटतो की शुगर आटोक्यात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं अगदी सुटणार नाहीत, पण कमी झाली हेच खूप. सगळी सुटावीत असं मलाही वाटत नाही. गोळी घेताना तुझी आठवण येते आणि मी ताठ बसते.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. मे महिन्यात वन्सं दुकानात आल्या, हातात पिशवी. तीन पँटी. “भावाच्या आहेत,” म्हणाल्या. “तुला सांगायला नको होतं, पण दुसऱ्या दुकानात जायचं म्हणजे बस बदलावी लागते.”

मी त्या पँटी मेजावर पसरल्या. एकोणीस वर्षं इस्त्री केली आहे तुझ्या कपड्यांना, तुझ्या कमरेचं माप मला पाठ होतं. आता ते चुकलं. मागची शिवण उसवली, आत दुमडलेलं जादा कापड होतं त्यातलं निम्मं सोडलं आणि तुला आरामात बसता येईल इतकं सैल करून दिलं. अगदी मन लावून. मालकीणबाई म्हणाल्या, “किती छान हसतेस गं आज.”

ऑफिसवाली गेली, हेही वन्संकडून कळलं. तुला वाईट वाटलं का ते मला माहीत नाही. मला वाटलं नाही. आता तू एकटा बाहेरून मागवतोस, एकटा खातोस आणि सिगरेटी वाढल्यात म्हणे. वाढू देत. वन्सं म्हणाल्या, “तू सांगून बघ ना त्याला, तुझं ऐकेल.” मी म्हटलं, “वन्सं, मी त्याची कोण? मला त्याच्याकडून दरमहा पैसे मिळतात, एवढंच आमचं नातं.” मी शिलाईचे पैसेही पूर्ण घेतले त्यांच्याकडून.

तीन पँटींची बिलं तू देतोस, माझ्या कमरेचे कुर्ते मी स्वतःच आत घेते. बघ, कोण स्वस्त पडतंय.

हयात


१ नोव्हेंबर, वर्ष सातवं

माजी नवरोबांस,

दाखला सोबत. यंदा मी तो एक तारखेलाच घेतला, धीर धरवला नाही.

सातवं वर्ष पुरं झालं. तुझं ‘फार ओढलं तर’ काल संपलं. आईचं वयही मी मागे टाकलं. ज्या दिवशी टाकलं त्या दिवशी सकाळी लवकर उठून नदीपर्यंत गेले, पूल ओलांडला आणि पलीकडच्या काठाने परत आले. कुठेही बसले नाही. वाटेत मोठ्याने तुला एक शिवी दिली. समोरून एक म्हातारे गृहस्थ येत होते, ते बाजूला झाले.

आणखी एक बातमी. मी घर घेतलंय. दोनच खोल्या, पण एका खोलीला पूर्वेची खिडकी आहे. सात वर्षांची तुझी ठेव एकदम मोडली आणि उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. एवढ्याशा पगारावर कर्ज देतील का, अशी मला धाकधूक होती. बँकेतली बाई म्हणाली, तुमची दरमहा येणारी रक्कम उत्पन्न म्हणून धरू, करार आणा. म्हणून करार घेऊन गेले.

ती बाई तुझ्यासारखीच, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. मला तर तो सह्यांच्या दिवशी वकिलाने भरभर वाचून दाखवला होता आणि ‘हयात असेपर्यंत’ एवढंच माझ्या कानात राहिलं होतं. दुसऱ्या पानावर तिने बोट ठेवलं. “इथे ‘दोघांपैकी कुणी एक जाईपर्यंत’ असं आहे. यजमानांची तब्येत कशी आहे?”

मी म्हटलं, “उत्तम.” खोटं बोलले. कर्ज मंजूर झालं.

घरी येऊन ते पान चारदा वाचलं. तू गेलास की पैसे बंद. पैसे बंद झाले की माझे हप्ते थांबले आणि पूर्वेची खिडकी बँकेची. इतकी वर्षं मी फक्त माझा जीव राखत होते. तुझाही राखायला हवा होता, हे मला कुणी सांगितलंच नाही. आणि तू विमावाला, स्वतःच्या जिवाची जोखीम माझ्या गळ्यात बांधून मोकळा झालास.

गेल्या महिन्यात वन्सं परत पँटी घेऊन आल्या होत्या. मी शिवण उसवून बघितली. आत सोडायला आता कापडच उरलेलं नाही. वन्सं म्हणाल्या, जिना चढताना तू मध्ये थांबतोस आणि छातीवर हात ठेवतोस. कुणी विचारलं तर म्हणतोस, पित्त आहे. तेव्हा मला हसू आलं नाही. मी खुर्चीत बसून नकळत हिशेब करायला लागले. वय, सिगरेट, पोट, जिना, छाती. आकडा आला आणि तो मला मुळीच परवडण्यासारखा नव्हता.

म्हणून हे पत्र दोनदा वाच. उद्या डॉक्टरकडे जा. पित्त नाही ते. ईसीजी काढून घे, रक्त तपासून घे. सिगरेट बंद कर. एकदम जमत नसेल तर डॉक्टरकडून औषध घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाहेरून मागवणं बंद कर. तुला एक डाळ-भाजी करता येत नाही हे मला माहीत आहे, कारण तशी वेळ मी कधी तुझ्यावर येऊ दिली नाही, पण शिक. मीठ वरून घेऊ नकोस. डॉक्टरांनी हो म्हटलं की ऑफिसातून एक थांबा चालत जा. त्यात काही कठीण नाही. तुझ्या मते जी सहा वर्षांत मरणार होती तिला जमलं.

हे प्रेम नाही, उगाच फुगू नकोस. माझं घर आहे तुझ्या छातीवर.

आठवड्याभरात डॉक्टरकडे जाऊन आल्याचं वन्संना कळव.

खिडकीवाली


८ मार्च, वर्ष आठवं

हे पत्र टपालाने पाठवणार नाही.

तू नाही गेलास डॉक्टरकडे. चार महिने मी वन्संना विचारत राहिले आणि त्या म्हणत राहिल्या, तो विषय काढू देत नाही. परवा ऑफिसच्या जिन्यात पडलास. छाती उघडून ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, थोडक्यात वाचले. मी दोन दिवस बाहेर बाकावर बसले होते. नर्सने विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं, “यांच्यावर माझं घर उभं आहे.” तिला काय समजायचं ते समजली आणि मला आत सोडलं.

आज वन्सं तुझ्या घरी विम्याचे कागद शोधायला गेल्या होत्या. परत आल्या त्या एक पिशवी घेऊन. माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “हे तुझंच दिसतंय.”

तुझ्या टेबलाच्या खणात पडलेली माझीच पत्रं होती. दर वर्षाचं एक. दाखले त्यातून काढून घेतलेले. ते तू व्यवस्थित फाइलला लावलेस म्हणे, वर्षवार. पत्रं घडीची घडीत. एकेका पत्राला माझी टाचणी, जशी लावली होती तशीच. पहिल्या तीन-चार गंजल्यात आणि कागदाला गंजाचा डाग धरलाय. एकही टाचणी कुणी काढलेली नाही.

सात वर्षं मी तुझी भुवई वर जाताना बघत होते. चहा कडू लागला की तुझं तोंड बघत होते. चढावर पाय दुखले की म्हणत होते, हे त्याला कळवायचं. आणि तू काहीच वाचलं नव्हतंस. डॉक्टरकडे जा, हेही नाही. दाखला बघितलास, अजून मेली नाही एवढं समजलं, आणि खण बंद केलास.

बाकावर मी खूप रडले. या वेळी दम वगैरे लागला नव्हता.

वन्सं शेजारी बसल्या. म्हणाल्या, “म्हणजे बघ, तो वाचत नव्हता तरी तू केलंसच ना सगळं. स्वतःसाठीच केलंस तू.” मी त्यांच्यावर ओरडले. त्यांच्यावर मी आयुष्यात ओरडले नव्हते. म्हटलं, “असलं गोड काही मला सांगू नका, वन्सं. मी त्याला जाळायला जगले. तो जळला नाही, त्याला धगसुद्धा लागली नाही. मग माझ्या एवढ्या वर्षांचं मी काय करू?”

उत्तर मला घरी येईपर्यंत सुचलं.

तुला घरी सोडल्यावर सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. तू वन्संच्या मागच्या खोलीत असणार. उठून निघून जाता येणार नाही, छातीला टाके आहेत. खण तिथे नाही. मी रोज दुकान सुटल्यावर येईन आणि एकेक टाचणी काढेन.


२६ मार्च, वर्ष आठवं

हे पत्र सगळ्यात शेवटी वाचून दाखवायचं आहे, तोपर्यंत तुझ्या उशाशी टाचणी लावून असेल. उघडायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी तू मला दारात बघितलंस आणि वन्संना म्हणालास, “हिला कुणी बोलावलं?” मी खुर्ची ओढली. पिशवीतून पत्रं काढली तेव्हा तू त्यांच्याकडे असं बघितलंस, जणू मी इंजेक्शनच काढलं.

“वाचली का नाहीस?” मी विचारलं.

“शिव्या असतील असं वाटलं.”

“शिव्याच आहेत.”

“मग बरोबरच होतं माझं.”

मी पहिलं पत्र वाचायला घेतलं. त्यातल्या सोफ्याच्या ओळीपर्यंत यायच्या आधीच तू हात वर केलास. मग म्हणालास, “तू जिन्यात होतीस?”

“होते.”

“मग तिथल्या तिथे मला धरायचं होतंस. ओरडायचं होतंस.”

“दम लागला होता.”

तू तोंड भिंतीकडे केलंस. मी थांबले नाही, पुढचं वाचलं. दुसऱ्या वर्षाच्या पत्राला तू झोपेचं सोंग घेतलंस. एकोणीस वर्षं तुझ्या शेजारी झोपले आहे, तुझी खरी झोप मला कळते. मी आणखी मोठ्याने वाचलं. पँटींच्या पत्राला तुला हसू आलं आणि हसल्यावर टाके दुखले. तू कळवळलास. मला बरं वाटलं. आहे हे असं आहे.

शुक्रवारी तू वन्संमार्फत निरोप दिलास. मी समोर बसलेली असताना वन्संना म्हणालास, “तिला विचार, राहता फ्लॅट विकून एकरकमी देतो, घेईल का? मग मी मोकळा.” मी वन्संनाच उत्तर दिलं. “त्याला सांगा, एकरकमी घेऊन मी बँकेचं कर्ज उद्या फेडू शकते. पण घेणार नाही. मला महिन्याचंच हवं.”

“का पण?” या वेळी तू सरळ मला विचारलंस.

का ते मी तेव्हा सांगितलं नाही, कारण आवाज नीट राहिला नसता. इथे लिहिते. तुला माझी शुगर माहीत होती. आईचं वय माहीत होतं. पलंगावरून उठताना मी कशाला धरते हे रोज सकाळी दिसत होतं. जगात कुणालाही माझं मरण इतकं स्वच्छ दिसत नव्हतं जितकं तुला दिसत होतं. आणि तू त्याचा भाव काढलास. एकदाही म्हणाला नाहीस की चल, ऊठ, जरा चालून येऊ. कदाचित मी आले नसते. ‘गुडघे दुखतात’ म्हणाले असते आणि बिस्किटं काढली असती. पण तू विचारायला हवं होतंस. दुसरी बाई मी माफ करीन एक वेळ. हे करणार नाही.

म्हणून मोकळा होणं तुझ्या नशिबात नाही. महिन्याचं द्यायचं म्हणजे तुला नोकरीवर परत जावं लागेल. नोकरीवर जायचं म्हणजे जिने चढावे लागतील. तुझ्या सिगरेटी मी वन्संच्या घरातून, तुझ्या कोटातून आणि उशीच्या अभ्र्यातूनसुद्धा काढून फेकल्या आहेत. जेवण बेचव लागतं म्हणून वन्संवर चिडू नकोस, मीठ मी कमी करायला सांगितलंय. पुढच्या महिन्यापासून कांदा चिरायलाही तू बसणार आहेस.

आज डॉक्टरांनी खोलीबाहेर चालायला परवानगी दिली. वन्संनी तुला उभं केलं आणि त्यांचे गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे बघितलं. मागच्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंतचा बोळ, जाऊन-येऊन एक फेरी. मी शेजारून चालले. हात धरला नाही, पण एवढी जवळ होते की पडला असतास तर धरला असता. दारापर्यंत जाताना तू दोनदा थांबलास. छातीवर उशी धरून, तोंड उघडं टाकून श्वास घेत उभा होतास. त्या जिन्यात मीही अशीच दिसत असणार. मी घाई केली नाही. तुझं श्वास घेणं पूर्ण होईपर्यंत बघत उभी राहिले आणि तेवढा वेळ मला फार सुख झालं.

परत पलंगाशी आल्यावर तू म्हणालास, “बस.”

“डॉक्टरांनी दोन फेऱ्या सांगितल्यात.”

“तू मला मारून टाकणार आहेस.”

“मुळीच नाही,” मी म्हटलं. “ते तुला परवडेल, मला नाही. चल.”

तू माझ्याकडे बघितलंस. खूप वर्षांनी बघितलंस, मी समोर आहे हे दिसल्यासारखं. मग पलंगाची कड सोडलीस आणि वळलास. दुसऱ्या फेरीला तू एकदाच थांबलास. उद्या तीन आहेत, आणि त्यानंतर चौथ्या वर्षाचं पत्र परत वाचायचंय, काल ते तू हसण्यात घालवलंस.